पुलाखालची गादी

आमच्या माळव्यात 'गादी' हा शब्द जरा अदबीनेच उच्चारतात. इंदूरला होळकरांची गादी, धारला पवारांची, आणि देवासला तर एकाच गावात दोन. एक थोरल्या पातीची, एक धाकट्या पातीची. माझ्या लहानपणी घरातली वडीलधारी माणसे काळ मोजायची तीसुद्धा गादीवरून. 'अमके महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट' अशी सुरुवात झाली की आम्ही मुले ओळखायचो, आता तासाभराची निश्चिंती. आजोबा धारच्या दरबारी कचेरीत मोडी लिहीत. पुढे संस्थाने गेली, १९४८ साली मध्य भारत झाला, १९५६ साली त्याचा मध्य प्रदेश झाला. दरबारी कारकुनाचा मुलगा सरकारी ओव्हरसिअर झाला आणि ओव्हरसिअरची मुलगी, म्हणजे मी, रसायनशास्त्र शिकून पीथमपूरच्या एका कारखान्यात लागले. तिथे जिच्याशी माझी जन्माची गाठ पडली ती गादी काळी, रबराची, जेवायच्या पाटाएवढी. तिच्यावर कुणी राजा बसत नाही. तिच्यावर पूल बसतो.

पुलावरून जाताना आपण नदी पाहतो, घाट पाहतो, हात जोडून नर्मदेत नाणे टाकतो. पुलाचा सपाट भाग खांबावर नेमका कशावर टेकला आहे, हे पाहण्यासाठी कुणी गाडीतून उतरत नाही. पण माळव्यातल्या उन्हाळ्यात जरा हिशेब करून पाहावा. तीस मीटर लांबीचा काँक्रीटचा गर्डर. थंडीतली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत त्याच्या अंगाला तीस अंशांचा फरक पडला, तरी तो जवळजवळ अकरा मिलिमीटर लांब होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण होतो, आणि संध्याकाळी पुन्हा आखडतो. त्याला खांबाशी पक्के जखडले तर काहीतरी तडकणार, एक तर गर्डर नाही तर खांबाचा माथा. म्हणून मध्ये अशी वस्तू हवी की जिने वरचा भार तर पेलावा, पण आडव्या हालचालीला मोकळीकही द्यावी. पूर्वी त्यासाठी लोखंडी रोलर आणि रॉकर बसवीत. त्यांना तेलपाणी लागे, ते गंजत, अडकत. मग रबर आले. नुसते रबर भाराखाली कणकेच्या गोळ्यासारखे पसरते, म्हणून त्याच्या थरांमध्ये पोलादाच्या पातळ पट्ट्या घालतात. अडीचशे बाय चारशे मिलिमीटरची अशी एक गादी ८० ते १०० टनांच्या घरातला भार आरामात घेते आणि वर हसतमुखाने तिरकीही होते. कागदोपत्री तिचे नाव 'इलास्टोमेरिक बेअरिंग'. आमच्या कारखान्यातली पोरे तिला 'गद्दी' म्हणायची. मी आणि धारचे मिस्त्रीकाका, असे आम्ही दोघेच मराठी. आमच्यापुरती ती गादी.

पीथमपूर धार जिल्ह्यात असले तरी त्याचे तोंड इंदूरकडे आणि पाठ महूला. मागास जिल्ह्याच्या सवलती मिळाल्या म्हणून ऐंशीच्या दशकात तिथल्या माळरानावर कारखाने उभे राहिले. कायनेटिक होंडाची स्कूटर तिथे झाली, बजाज टेम्पोची ट्रॅव्हलर १९८७ साली तिथूनच निघाली, आयशरचे मित्सुबिशीच्या मदतीने बनलेले ट्रकही तिथलेच. लोक कौतुकाने त्याला हिंदुस्थानचे डेट्रॉइट म्हणू लागले. पहिल्या दोन कारखान्यांच्या मागे पुण्याचे फिरोदिया होते, त्यामुळे पुण्याकडची पुष्कळ मराठी माणसे तिकडे आली. त्यांना आमचे इंदुरी मराठी ऐकून गंमत वाटे. 'मी तिला बोलली' असे कुणी म्हटले की त्यांच्या भुवया वर जात. आम्हाला त्यांच्या भुवयांची गंमत वाटे. पण गणपतीत आरतीला उभे राहिले की भुवया सगळ्यांच्या सारख्याच मिटत.

आमचा कारखाना या मोठ्यांच्या सावलीतला. पत्र्याची एक मोठी शेड, दोन रोलांची रबर मळायची मिल, तीन हायड्रॉलिक प्रेस, पन्नासच्या आत माणसे. मालक इंदूरच्या सराफ्यातल्या घराण्यातले, सगळे त्यांना सेठजी म्हणत. मी १९९४ साली तिथे रुजू झाले तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक भट्टी आणि रबर ताणून पाहायचे एक यंत्र. पहिल्याच दिवशी घरी आले तर आई दारातच म्हणाली, "अगं, एम.एस्सी. झालीस की कोळशाच्या वखारीत लागलीस?" रबरात घालायची काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, नखांत, कानांमागे, वेणीत, कुठे म्हणून शिरायची राहत नाही. तीन वेळा शिकेकाई लावली तरी उशीच्या अभ्र्यावर तिची खूण उरायचीच.

सेठजींच्या डोक्यात एकच ध्यास होता, 'मान्यता'. त्या वेळी आम्ही खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवरच्या, कालव्यांवरच्या लहान पुलांना माल देत होतो. पण राष्ट्रीय महामार्गाच्या पुलाखाली गादी घालायची, तर दिल्लीच्या भूतल परिवहन मंत्रालयाने मान्य केलेल्या उत्पादकांच्या यादीत नाव लागायला हवे. यादीत नाव नाही तर ठेकेदार दारातसुद्धा उभा करीत नसे. सेठजींनी त्यासाठी कर्ज काढले, नवी चाचणीयंत्रे आणली, अर्ज केला. देव्हाऱ्यापाशी अर्जाची प्रत ठेवून ते रोज तिला उदबत्ती ओवाळीत.

नियम काही साधे नव्हते. आपल्याकडच्या रस्त्यांचे आणि पुलांचे नियम इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. नावावरून ती राजकारणातली वाटते, पण ती रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांची संस्था. मराठी वाचकांना सांगायला हवे, की तिच्या जन्मामागे आपलेच एक नाव आहे. देशातल्या रस्त्यांचा विचार करायला १९२७ साली जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच. त्या समितीने सुचवल्यावरून १९३४ च्या डिसेंबरात रोड्स काँग्रेस स्थापन झाली. तिच्या ८३ क्रमांकाच्या संहितेचा दुसरा भाग १९८७ साली निघाला, तो पूर्णपणे आमच्या गादीविषयी. निओप्रीन रबरच वापरायचे, जुन्या टायरचे उकळून काढलेले रबर त्यात मिसळायचे नाही. ताणले तर चौरस मिलिमीटरला किमान १७ न्यूटन सोसले पाहिजेत आणि तुटण्यापूर्वी मूळच्या चौपट वाढ झाली पाहिजे. शंभर अंशांच्या भट्टीत ७२ तास ठेवून पुन्हा तपासायचे, म्हणजे वर्षानुवर्षांचे म्हातारपण तीन दिवसांत आणून पाहायचे. जाळल्यावर राख शेकडा पाचच्या वर नको. ही राखेची अट मला फार आवडे. खडूची पूड, माती घालून रबर स्वस्त करणाऱ्याचे बिंग राख फोडते. माणसाचे काय नि मालाचे काय, खरे वजन शेवटी राखेतच कळते.

तपासणीचे पथक पहिल्यांदा आले ते १९९७ साली. शेडला चुना लावलेला, तुळशीला गेरू. पोरांना नवे एप्रन. मी येण्यापूर्वीची आणि नंतरची, सगळी रजिस्टरे टेबलावर ओळीने मांडलेली. पथकातले मुख्य साहेब निवृत्तीला आलेले, दक्षिणेकडचे, हिंदी जपून बोलणारे. त्यांनी यंत्रे पाहिली, भट्टीचा पारा पाहिला, मग खुर्ची ओढून रजिस्टरे चाळायला बसले. अर्ध्या तासाने चष्मा काढून त्यांनी विचारले, "इसमें फेल हुआ माल कहाँ है?"

सेठजी अभिमानाने म्हणाले, "साहब, हमारे यहाँ माल फेल नहीं होता."

साहेब थोडे हसले. "जहाँ कुछ फेल नहीं होता, वहाँ जाँच नहीं होती," एवढे बोलून त्यांनी चहाचा कप हातात घेतला. त्या दिवशी त्यांनी नमुनासुद्धा उचलला नाही. पुढे आलेल्या पत्रात अंतर्गत तपासणीची पद्धत समाधानकारक नाही, सुधारणा करून पुन्हा अर्ज करावा, असे होते.

सेठजी आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मला मात्र ते वाक्य ओळखीचे वाटले. आमचे बाबा सरकारी बांधकाम खात्यात असताना त्यांच्याकडे मोजमापाचे पुस्तक असे, त्याला सगळे 'एम. बी.' म्हणत. त्याची पाने छापील क्रमांकाची. पान फाडायचे नाही, खोडरबर लावायचा नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. बाबा म्हणायचे, "खाडाखोड नसलेलं एम. बी. दिसलं ना, की समजावं, ते घरी बसून लिहिलंय." मुरुमाच्या ढिगापाशी उन्हात उभे राहून मोजणाऱ्याच्या हातून रेघ ही पडणारच. आजोबांच्या मोडी कीर्दीतही म्हणे तीच रीत होती. म्हणजे दक्षिणेतला हा साहेब जे सांगून गेला, ते आमच्या घरात तीन पिढ्या नांदत होते. फक्त ते रबराच्या कारखान्यातही चालते, हे अजून कुणाला सुचले नव्हते.

मी सेठजींना म्हटले, "एक लाल बही बनाएँगे. जो फेल होगा, सिर्फ वही उसमें." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी दुकानावर दिवाळे निघाल्याची पाटी लावायला सांगते आहे. व्यापाऱ्याच्या मुलाला तोट्याची वेगळी वही ठेवायला सांगणे सोपे नसते. पण कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. "लिखो," ते म्हणाले, "मगर दफ़्तर में नहीं, लैब में रखना."

लाल वही सुरू झाली तसा शेडमधला वारा बदलला. आधी पोरे कुरकुरली. ज्याच्या पाळीत माल नापास होई त्याला वाटे, दीदीने आपले नाव काळ्या यादीत घातले. म्हणून आम्ही ठरवले की वहीत माणसाचे नाव लिहायचेच नाही. तारीख, पाळी, प्रेसचा क्रमांक, हवामान, आणि काय झाले ते. 'हवामान' हा रकाना मिस्त्रीकाकांचा. मी हसले होते तेव्हा. काका म्हणाले, "ताई, लोणचं घालताना पाऊस बघतेस ना? मग हे काय वेगळं?"

काकांचे शिक्षण सातवीपर्यंत, पण हातात विद्या होती. मळलेल्या रबराची पट्टी ते नुसती दुमडून नाकाशी नेत आणि सांगत, 'अजून दोन मिनिटं'. माझे यंत्रही तेच सांगे, पण अर्ध्या तासाने. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, त्या किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचे घर. 'आमच्या गावचा पेशवा गादी घालवून बसला, आपण तरी नीट घालू,' हा त्यांचा ठरलेला विनोद. नवीन आलेल्या प्रत्येक पोराला तो हिंदीत भाषांतर करून ऐकवत, आणि भाषांतरात तो कधीच जमत नसे.

त्यांच्या रकान्याचे मोल कळले ते १९९८ च्या श्रावणात. जिल्ह्यातल्या एका आडरस्त्यावरच्या पुलासाठी चोवीस गाद्यांची ऑर्डर होती. यादीत नाव लागेपर्यंत असल्याच कामांवर कारखाना तगून होता. माल तयार झाला, वरून देखणा, मापात अचूक. भाराची चाचणीही पास. नियमाप्रमाणे त्यातली एक गादी मधोमध कापली आणि रबर पोलादापासून ओढून पाहिले. इथे एक खुबी सांगते. चिकटणे पक्के असेल तर ओढताना रबर फाटते आणि त्याचा काळा थर पट्टीवर तसाच राहतो. रबर फाटले पाहिजे, सुटता कामा नये. त्या दिवशी ते सुटले. पट्टी खालून चकचकीत निघाली, घासून ठेवलेल्या ताटासारखी. मीटरमागे किमान ७ किलोन्यूटन लागायला हवेत, तिथे यंत्राचा काटा निम्म्यावरही गेला नाही.

लाल वही उघडली. गेल्या पावसाळ्यातल्या दोन नोंदी तशाच होत्या. 'हवामान' रकान्यात काकांच्या बाळबोध अक्षरात 'झड' लिहिलेले. मग उलगडा झाला. पोलादी पट्ट्यांवर वाळूचा मारा करून त्या खरखरीत करतात आणि मग चिकटद्रव्य लावतात. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेतून पाणी येते. साफ केलेल्या पोलादावर तासा-दोन तासांत गंजाची अशी बारीक साय धरते की बोट फिरवले तरी कळू नये. त्या सायीवर चिकटवलेले रबर म्हणजे ओल्या भिंतीवरचा रंग.

ठेकेदाराचा माणूस ट्रक घेऊन दारात उभा होता. तिकडे क्रेन भाड्याने आणलेली. तो म्हणाला, "गाँव का पुल है सेठजी, दिन में चार ट्रॅक्टर निकलेंगे. काट के कौन देखेगा?" खोटे नव्हते ते. त्या रस्त्यावर काटून पाहणारा कुणी नव्हता. आणि सेठजींच्या खात्यात त्या महिन्याचा पगार नव्हता, हेही मला ठाऊक होते. दिवाळी दोन महिन्यांवर होती.

सेठजी त्या कापलेल्या गादीपाशी बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी माझ्याकडे न बघता काकांना विचारले, "मिस्त्री, आप क्या कहते हो?"

काकांनी हात पुसले. म्हणाले, "सेठजी, चाक पंक्चर हुआ तो जॅक लगाके बदलते हैं. ये बदलना हो तो पूरा पुल उठाना पड़ता है."

एवढेच. उपदेश नाही, काही नाही. आणि ते अक्षरशः खरे होते. एकदा वर गर्डर बसला, की गादी बदलायला जॅक लावून सबंध गाळा उचलावा लागतो, वाहतूक थांबवावी लागते. सेठजी उठले, ट्रकवाल्याला चहा पाजला आणि रिकामा परत पाठवला. संध्याकाळी उरलेल्या तेवीस गाद्याही त्यांनी आपल्यादेखत करवतीने मधोमध कापायला लावल्या. तशाच ठेवल्या असत्या तर रात्री-अपरात्री कुणाला मोह झाला असता, कदाचित त्यांना स्वतःलाही. हे त्यांचेच शब्द.

त्या वर्षी आमच्याकडे दिवाळीचा बोनस दिवाळीत झाला नाही. तो देवदिवाळी उलटल्यावर दोन हप्त्यांत मिळाला. एक चांगला प्रेसवाला तेवढ्यावरून सोडून गेला, मोठ्या कारखान्यात लागला. त्याच्या बायकोने माझ्या तोंडावर विचारले, "दीदी, आपकी लाल बही ने हमारे बच्चों के कपड़े खा लिये, क्या मिला?" मला उत्तर देता आले नाही. आजही कुणी तसे विचारले तर झटकन देता येईल, असे नाही. जो पूल पडत नाही त्याची बातमी येत नाही, आणि जी बातमी येत नाही ती कुणाच्या पोराला कपडे म्हणून नेसवता येत नाही. प्रामाणिकपणाची किंमत बहुतेक वेळा तो ठरवणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती खालच्या माणसाच्या ताटातून जाते. सेठजींनी पुढे त्या घरच्या मुलाला कामावर घेतले, पण हिशेब त्याने पुरता मिटला असे मी म्हणणार नाही.

कॉम्प्रेसरला हवा कोरडी करणारे यंत्र जोडले. पट्टी साफ केल्यापासून चिकटद्रव्य लागेपर्यंत किती वेळ जायचा, याची घड्याळासकट पाटी लागली. कापलेल्या गाद्यांचे काय करायचे, हा प्रश्न पोरांनी सोडवला. फाटकापासून शेडपर्यंत त्यांची पायवाट केली आणि उरलेल्या कडुनिंबाखाली बसायला मांडल्या. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्या गाद्यांवर बसत. कुणी विचारले, की 'साहब, यहाँ हर मजदूर गद्दीनशीन है' असे सांगत.

१९९९ साली पथक पुन्हा आले. माणसे नवी होती. पायवाटेवरून येताना एकाने खाली वाकून पाहिले, अर्ध्या कापलेल्या गादीतले पोलादाचे थर त्याला दिसले. "ये क्या है?" त्याने विचारले. सेठजींनी सगळे सांगितले. तारखेसह, ठेकेदारासह, न दिलेल्या बोनससह. साहेबांनी आधी लाल वही मागितली. दोन तास ती वही या हातातून त्या हातात फिरत होती. मग ते गोदामात गेले, स्वतः दोन गाद्या निवडल्या, मोहोर लावली. एक इथेच कापली. रबर फाटले, सुटले नाही. दुसरी बाहेरच्या सरकारी प्रयोगशाळेत गेली. काही आठवड्यांनी दिल्लीहून पाकीट आले, एका पानाचे पत्र, वर हिंदी, खाली इंग्रजी. यादीत नाव लागले होते.

पेढे आले, फटाके वाजले, पत्राला चौकट झाली आणि ती लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लागली. काकांनी चष्मा लावून ते वाचले आणि मला म्हणाले, "ताई, याला मुदत आहे गं." होती. ठरावीक काळाने पुन्हा तपासणी, पुन्हा नमुने. सेठजींना ते जरा खटकले. त्यांना वाटत होते, एकदा टिळा लागला की लागला. आपल्या भाषेत मान्यता म्हणजे मान देणे, मंजुरी देणे. हिंदीत त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, श्रद्धेने मानलेली समजूत. 'ऐसी मान्यता है' असे देवळांबाहेरच्या पाट्यांवर असते. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला हा फरक लवकर कळतो. ज्या मान्यतेला मुदत नाही ती देवळाबाहेर शोभते. पुलाखाली मुदतीचीच बरी.

पुढचा काळ आमच्यासारख्यांच्या भाग्याचा होता. १९९९ च्या जानेवारीत सुवर्ण चतुष्कोनाच्या कामाची कोनशिला बसली, २००० च्या डिसेंबरात ग्रामसडक योजना आली, आमचा जुना आग्रा-मुंबई रस्ताही पुढे चौपदरी झाला. गाद्यांना मागणी वाढली तसे स्वस्तात देणारेही वाढले. आमच्या हातून कितीतरी ऑर्डरी निव्वळ भावावरून गेल्या. पण लाल वही बंद झाली नाही. मी निवृत्त झाले तेव्हा ती सतरावी होती.

पीथमपूर आता ओळखू येत नाही. होंडा १९९८ सालीच कायनेटिकमधून बाहेर पडली, टेम्पोचे नाव फोर्स झाले. आणि ज्या माळावर एके काळी फक्त गाड्या बनत, तिथे आता त्या तपासण्याचे राष्ट्रीय केंद्र आहे, नॅट्रॅक्स. माळभर पसरलेले. तिथली ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगाची धावपट्टी २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाली. बाहेरून जाताना मला नेहमी वाटते, या पट्टीवर गाड्या पळतात ते पास होण्यासाठी, पण पट्टी बांधली आहे ती कुठली गाडी कुठे कमी पडते ते कळावे म्हणून. म्हणजे सबंध माळभर पसरलेली एक लाल वहीच ती.

यंदाच्या किंवा गेल्या वर्षांच्या बातम्या वाचल्या की वही डोळ्यांपुढून हलत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला आणि दोन एस.टी. बस पुरात वाहून गेल्या. तो इंग्रजी अमदानीतला दगडी कमानींचा पूल, त्याच्याखाली आमची गादी नव्हती. पण ९ जुलै २०२५ रोजी गुजरातेत मही नदीवरच्या गंभीरा पुलाचा गाळा कोसळला, भर दिवसा वाहने नदीत गेली आणि किमान २० माणसे दगावली, तेव्हा प्राथमिक चौकशीत बोट ठेवले गेले ते गाळा जिथे टेकतो तिथल्या भागांवरच. पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडले गेल्यावर. म्हणजे नेमके तेच ठिकाण, जिथे उतरून कुणी पाहत नाही. आमच्या धार-झाबुआकडचे किती ट्रकवाले गुजरातच्या रस्त्यांवर असतात. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या दोन घरांत संध्याकाळपर्यंत चूल पेटली नव्हती. फोन लागत नव्हता. रात्री लागला. सगळ्यांच्या घरी तो लागला नाही.

मिस्त्रीकाका आता नाहीत. सेठजींची सून कारखाना पाहते. वह्या संगणकात गेल्या आहेत, आणि संगणकात एकच रेघ मारून खालचा आकडा वाचता येईल असा ठेवायची सोय आपोआप नसते, ती मुद्दाम करून घ्यावी लागते. तिने ती करून घेतली आहे. मागच्या दसऱ्याला मी यंत्रपूजेला गेले होते. प्रयोगशाळेत नवी मुलगी आहे, खांडव्याची, घरी मराठी बोलणारी, कानांमागे काजळी. तिने मला पडद्यावर आपली पहिली नापास नोंद दाखवली. तारीख, पाळी, प्रेस क्रमांक तीन, ताण चौदा, आणि शेवटच्या रकान्यात देवनागरीत 'सकाळपासून भुरभुर'.

"मॅडम, हा रकाना काढून टाकायला सांगत होते संगणकवाले," ती म्हणाली, "मी नाही म्हटलं. बरोबर केलं ना?"

मी म्हटले, "बरोबर केलंस गं. आता कॉम्प्रेसर बघून ये."